उतारवयांत वजन उचलावें काय ?

ज्या घरांत तीन पिढ्या एका छपराखालीं नांदतात, त्या घरांत प्रकृतीच्या तक्रारी बहुधा दोन प्रकारच्या असतात. मुलांचें वजन वाढत नाहीं, ही एक. आणि वडीलधाऱ्यांचे गुडघे साथ देत नाहींत, ही दुसरी. पहिलीवर उपाय शोधण्यासाठीं सर्व मंडळी धांवपळ करतात. दुसरीच्या बाबतींत मात्र "आतां वय झालें," एवढें म्हणून सर्वजण, ज्याचे गुडघे दुखतात तो सुद्धां, स्वस्थ बसतात. आम्हीहि त्यांतलेच होतों. शाळेंत पस्तीस वर्षें संस्कृत शिकवून घरीं बसल्यावर सकाळची संध्या, दुपारचें वर्तमानपत्र आणि सायंकाळची फेरी एवढेंच आपलें कार्य उरलें, असें आम्हांस मनापासून वाटत होतें. अशा आम्हीं वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं बाकावर उताणें निजून लोखंडी दांडी छातीवर घ्यावी व ती वर ढकलावी, आणि शिवाय त्याविषयीं चार शब्द लिहावे, हें आमच्या जुन्या विद्यार्थ्यांस खरें वाटणार नाहीं. परंतु तसें घडलें आहे खरें, आणि तें कां घडलें तें सांगण्यासाठीं प्रथम घरांतीलच एक दुःखद प्रसंग सांगणें भाग आहे.

आमचे वडील बंधु आमच्याहून आठ वर्षांनीं मोठे. घरांत लहानथोर सर्व त्यांस दादा म्हणत. नोकरींतून निवृत्त झाल्यावर त्यांनीं फिरण्याचा नेम कधीं चुकविला नाहीं. पहांटे उठून अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापर्यंत जाऊन यावयाचें, हा क्रम साताऱ्याच्या पावसांत सुद्धां मोडला नाहीं. मधुमेह नाहीं, रक्तदाब नाहीं, सुपारीचें खांडहि तोंडांत टाकावयाचें नाहीं. तीन वर्षांपूर्वीं मार्गशीर्षांत एके सकाळीं न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशीं त्यांचा पाय घसरला. तोल सांवरण्यासाठीं त्यांनीं एक पाऊल पुढें टाकलें, पण त्या पायानें देहाचा भार पेलला नाहीं, आणि ते उजव्या कुशीवर कोसळले. खुब्याचें हाड मोडलें. शस्त्रक्रिया चांगली झाली. मोडलें होतें तें सांधलेंहि गेलें. परंतु अंथरुणांत सहा आठवडे गेल्यावर मांड्यांवर जें थोडेंबहुत मांस होतें तेंहि ओसरलें, आणि दादांस उठवावयास दोन माणसें लागूं लागलीं. ज्यांनीं आम्हांस लहानपणीं अंधारांत उठवून नमस्कार घालावयास लाविलें, ते "अरे, मला जरा बसतें करा रे" अशी हांक मारीत. ती हांक ऐकून आम्ही माजघरांतच क्षणभर उभे राहत असूं; आंत जाण्याचा धीर होत नसे. चैत्रांत ते गेले. कागदावर कारण न्युमोनिया असें लिहिलें होतें. आमच्या मनांत मात्र एकच प्रश्न घोळत राहिला. रोज तासभर चालणाऱ्या माणसाच्या पायानें ऐन वेळीं एक पाऊल कां पेललें नाहीं ?

उत्तर मिळालें तें श्रावणीच्या दिवशीं, आणि तेंहि घरांतल्याच एका पोराकडून. यज्ञोपवीत बदलून पाटावरून उठतांना आम्हीं नेहमींप्रमाणें भिंतीस हात लाविला. धाकट्या बंधूंचा मुलगा समोरच बसला होता. तो दिवसभर संगणकापुढें काम करतो आणि सायंकाळीं जिममध्यें जातो. तो म्हणाला, "काका, भिंतीला हात न लावतां एकदां उठून दाखवा पाहूं."

आम्ही म्हणालों, "त्यांत काय आहे ?" आणि उठूं लागलों. उठतां आलें नाहीं. अर्धे उठून पुन्हां पाटावर बसलों, आणि मुलें हंसलीं.

मग त्यानें आम्हांस पाठीच्या खुर्चीवर बसविलें, दोन्ही हात छातीवर घडी घालून ठेवावयास सांगितलें, आणि त्या स्थितींत पांच वेळां पूर्ण उभें राहून पुन्हां बसावयास लाविलें. हातांत घड्याळ होतें. आम्हांस सतरा सेकंद लागले. आशियांतील वैद्यांच्या एका मंडळानें २०१९ सालीं ठरविलेल्या मापाप्रमाणें या पांच उठबशांस बारा किंवा अधिक सेकंद लागले, तर ती शरीराची कार्यशक्ति उतरल्याची खूण धरतात. हाताच्या मुठीची पकड पुरुषांची २८ किलोंहून व स्त्रियांची १८ किलोंहून कमी भरली, तर स्नायूंचें बळ घटलें असें तेंच मंडळ म्हणतें. वाचकांपैकीं ज्यांची साठी उलटली आहे, त्यांनीं हा अंक खालीं ठेवून खुर्चीची परीक्षा अवश्य करून पाहावी. मात्र खुर्ची भिंतीस टेकलेली असावी व जवळ कोणी उभें असावें.

या अवस्थेस इंग्रजींत 'सार्कोपीनिया' असें नांव आहे. अमेरिकेंतील अर्विन रोझेनबर्ग यांनीं तें १९८९ मध्यें दोन ग्रीक शब्द जोडून घडविलें. एकाचा अर्थ मांस, दुसऱ्याचा दारिद्र्य. म्हणजे आपल्या भाषेंत मांसदारिद्र्य. समास मोठा नेमका साधला आहे. चाळिशीनंतर मनुष्याचे स्नायु हळूहळू झिजूं लागतात आणि साठीनंतर ती झीज वेग घेते. त्यांतहि गंमत अशी कीं (गंमत म्हणावयाची ती शब्दापुरती) सर्व तंतु सारखे झिजत नाहींत. स्नायूंत मंद आणि शीघ्र असे दोन प्रकारचे तंतु असतात. मंद तंतु चालण्याच्या, उभें राहण्याच्या कामीं येतात. शीघ्र तंतु जड भार उचलतांना किंवा एकाएकीं तोल सांवरतांना कामीं येतात, आणि वयाबरोबर अधिक बारीक होतात ते हेच. रोज फेरफटका करणाऱ्याचे मंद तंतु शाबूत राहतात, पण शीघ्र तंतूंस त्या फेरफटक्यांत कामच पडत नाहीं. दादांचें चालणें खोटें नव्हतें. त्या चालण्यानें त्यांचें हृदय शेवटपर्यंत ठणठणीत राखलें. परंतु उंबऱ्यावर जें एक पाऊल टाकावयाचें होतें, त्याची तयारी त्या चालण्यांत नव्हती.

गेलेलें हें बळ परत येतें काय, हा खरा प्रश्न. याविषयीं १९९० सालीं बॉस्टन शहरांतून प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आमच्या पुतण्यानें आम्हांस दाखविला आणि आमचें मन पालटलें तें त्यानेंच. मारिया फियाटारोन नांवाच्या विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं एका वृद्धनिवासांतील दहा जण निवडले. त्यांत ८६ वर्षांहून लहान कोणी नव्हतें. सर्वांत मोठा ९६ वर्षांचा होता. त्यांजकडून आठ आठवडे पायांनीं वजन उचलण्याचा जोरकस व्यायाम करविला. नुसतें हातपाय हालविणें नव्हे, तर ज्याला जेवढें अधिकांत अधिक पेलेल त्याच्या मोठ्या हिश्शाएवढें वजन. ज्यांनीं प्रयोग पुरा केला त्यांचें पायांचें बळ सरासरीनें १७४ टक्क्यांनीं वाढलें. दोघांनीं काठी टाकून दिली. पुढें चार आठवडे व्यायाम बंद ठेवतांच कमावलेल्या बळापैकीं बराच भाग ओसरला, हेंहि त्यांनीं प्रामाणिकपणें नोंदविलें आहे. चार वर्षांनीं त्याच विदुषीनें शंभर वृद्धांवर, ज्यांचें सरासरी वय ८७ होतें, दहा आठवड्यांचा प्रयोग केला, आणि व्यायाम करणाऱ्यांचें बळ दुपटीहून अधिक झालें. त्यांतील कांहींजणांस व्यायाम न देतां केवळ पौष्टिक पेय दिलें होतें. त्यांस बळाच्या दृष्टीनें लाभ झाला नाहीं. नव्वदीच्या माणसास जें साधतें तें साठीच्या माणसास साधूं नये, याला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

तरीहि एक खडा बोचत होता, आणि तो शास्त्राचा. वाग्भटानें अष्टांगहृदयाच्या दिनचर्याध्यायांत व्यायाम कोणीं करूं नये त्यांची यादी दिली आहे, आणि तींत अजीर्ण झालेला व बालक यांच्याबरोबर वृद्धहि घातला आहे. आयुष्यभर ज्याचे श्लोक मुलांकडून पाठ करवून घेतले, त्याची आज्ञा एका बॉस्टनच्या निबंधासाठीं मोडावी कीं काय ? आम्ही पोथ्या काढून बसलों. सुश्रुत चिकित्सास्थानांत व्यायामाचें वर्णन करतांना अगदीं उलट भाव सांगतो. त्याच्या मतें व्यायाम करणाऱ्या मनुष्यावर जरा एकाएकीं झडप घालीत नाहीं. तोच पुढें म्हणतो कीं वय, बळ, शरीर, देश, काल आणि आहार हीं पाहून व्यायाम करावा. ज्याअर्थी वय पाहून करावयास सांगितलें, त्याअर्थी तें वयस्कांसहि मोकळें आहे, निदान आम्हीं तरी असाच अर्थ लाविला. आणि मग वाग्भटाच्याच शारीरस्थानांत एक स्थळ हातीं लागलें. सोळा वर्षांपर्यंत बाल्य, सत्तर वर्षांपर्यंत मध्यम वय, आणि क्षय तो त्यापुढें, अशी त्याची विभागणी आहे. म्हणजे सदुसष्टाव्या वर्षीं, प्रत्यक्ष वाग्भटाच्या हिशेबानें, आम्ही अद्याप मध्यमवयस्क आहों. आमच्या घरच्या मंडळींस हें प्रमाण पटलें नाहीं. "सत्तर झाल्यावर काय करणार ?" असा प्रश्न स्वयंपाकघरांतून आला. त्याचा विचार सत्तरीनंतर करूं, असें उत्तर आम्हीं दिलें.

येथपर्यंत सर्व कागदावर झालें. जिममध्यें प्रत्यक्ष पाऊल टाकण्यापूर्वीं आमच्या नेहमींच्या डॉक्टरांनीं रक्तदाब पाहिला, हृदयाचा आलेख काढला, खांद्याचे सांधे फिरवून पाहिले, आणि मग अनुमति दिली. हें कोणीहि टाळूं नये.

आमच्या मनांत तालमीचें चित्र होतें, तांबड्या मातीचें, मारुतीच्या तसबिरीचें, उदबत्तीच्या वासाचें. जिम तशी नाहीं. चोहोंकडे आरसे, कर्कश गाणीं, आणि कोणी कोणाकडे पाहत नाहीं. परंतु तेथें एक गोष्ट अशी आहे कीं जी आमच्या नमस्कारांत नव्हती. तिचें नांव मोजमाप. नमस्कारांस आम्ही कमी लेखीत नाहीं. औंधचे श्रीमंत भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं आपल्या संस्थानांतील शाळांत नमस्कार सुरू केले, त्यांचा प्रसार जन्मभर केला, आणि १९५१ मध्यें वयाच्या ८३व्या वर्षीं ते निवर्तले. आमच्या घरांत नमस्कार आले ते त्याच लाटेबरोबर. परंतु नमस्कारांत काय किंवा जोरांत काय, उचलावयाचा भार एकच, तो म्हणजे आपला देह. ज्याला तो पेलत नाहीं त्याला निम्मा देह घेतां येत नाहीं. ज्याला सहज पेलतो त्याला दीड देह घेतां येत नाहीं. लोखंडाची गोष्ट निराळी. सव्वा किलोची चकती असते. दोन्ही टोकांस एकेक लाविली कीं गेल्या आठवड्यापेक्षां अडीच किलो अधिक. शिकवितांना आम्ही मुलांस एकदम कादंबरी देत नसूं. आधीं संधि, मग विभक्ति, मग छोटे श्लोक. येथेंहि तोच क्रम.

बेंच प्रेस म्हणतात तो प्रकार असा. एका अरुंद बाकावर उताणें निजावयाचें, पाय जमिनीवर घट्ट रोवावयाचे, खांद्याचीं फरीं मागें व खालीं ओढून बाकास टेकवावयाचीं. डोक्यावरील आधारावरून दांडी उचलून ती सावकाश छातीच्या खालच्या भागापर्यंत आणावयाची आणि पुन्हां वर ढकलावयाची. एका अर्थीं हा उलटा केलेला जोर आहे. जोरांत हात जमिनीवर आणि देह वर-खालीं, येथें देह स्थिर आणि भार वर-खालीं. तो फार जुना नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'रशियाचा सिंह' म्हणून गाजलेला मल्ल जॉर्ज हॅकेनश्मिट यानें बाकावर नव्हे तर जमिनीवर निजून ३६१ पौंड, म्हणजे सुमारें १६४ किलो, वर ढकलले होते. हा गृहस्थ १९६८ सालीं नव्वदाव्या वर्षापर्यंत जगून वारला. हल्लीं या प्रकाराच्या जागतिक स्पर्धा होतात, आणि त्यांत चाळिशी, पन्नाशी, साठी व सत्तरी यांचे स्वतंत्र गट असतात. आम्हांस तेथें जावयाचें नाहीं.

आम्हीं आरंभ केला तो दोन हातांत अडीच-अडीच किलोंचे डंबेल घेऊन. दोन महिने तेवढेंच. मग दहा किलोंची आंखूड दांडी, मग वीस किलोंची पुरी दांडी, चकत्या न लावतां. ती पहिल्यांदा आठ वेळां उचलली त्या दिवशीं घरीं येऊन आम्ही विनाकारण दोन वेळां चहा मागितला. आज ३५ किलो आठ वेळां, अशा तीन आवृत्त्या, आठवड्यांतून दोन दिवस. आमचें स्वतःचें वजन ५८ किलो आहे, त्या मानानें हें कांहीं मोठें नव्हे. तेथील मुलें आमच्या दुपटीनें उचलतात.

परंतु मध्यें एक प्रसंग घडला, तो लपविणें बरें नव्हे. अकराव्या महिन्यांत पुतण्या कामानिमित्त परगांवीं गेला होता. वास्तविक आम्हीं त्या दिवशीं जाऊंच नये. पण नेम मोडूं नये ही जुनी संवय. साडेबत्तीस किलो लाविले. आठ वेळां झालें. अंगांत जोर आहे असें वाटलें, आणि मनानें म्हटलें, नऊ करूं. नववीस दांडी छातीवर आली ती वर गेली नाहीं. ढकलण्यासाठीं आम्हीं श्वास कोंडला, जसा प्राणायामांत कुंभक करतों तसा, आणि डोळ्यांपुढें अंधारी आली. दांडीच्या दोन्ही टोकांस चकत्या घसरूं नयेत म्हणून चाप घट्ट बसविलेले, त्यामुळें एका बाजूस कलवून चकत्या खालीं टाकण्याचीहि सोय नव्हती. हांक मारावी तर श्वास नाहीं, आणि मारली असती तरी त्या गाण्यांत कोणास ऐकूं गेली असती ! तेवढ्यांत एका महाविद्यालयीन मुलानें आरशांत आमचे थरथरणारे हात पाहिले. तो धांवत आला आणि एका झटक्यांत दांडी उचलून जागेवर ठेवली. म्हणाला, "आजोबा, एकटे असाल तेव्हां हे चाप लावूं नका. आणि मला हांक मारत जा, मी रोज असतों." आम्हीं त्याचें नांवहि विचारलें नाहीं, इतके ओशाळलों होतों. घरीं आठ दिवस सांगितलें नाहीं. शेवटीं छातीवरचा काळा-निळा वळ सदरा बदलतांना दिसला, तेव्हां सांगावें लागलें, आणि मग जें ऐकावें लागलें तें येथें लिहीत नाहीं.

त्या दिवशींच्या चुका तीन, आणि तीनहि सुश्रुतानें आधींच सांगून ठेवलेल्या एका मर्यादेंत बसतात. ती मर्यादा अर्धशक्तीची. व्यायाम करतांना श्वास तोंडाशीं येऊं लागला कीं अर्धें बळ खर्च झालें असें जाणावें आणि थांबावें, असें तो सांगतो. आजचे जाणते शिक्षक हेंच निराळ्या शब्दांत सांगतात. आणखी दोन वेळां उचलतां आलें असतें अशा ठिकाणीं दांडी ठेवून द्यावी. आम्हीं आठावर थांबावयास हवें होतें. दुसरें, डोक्यापाशीं कोणी उभें नसतां निजून दांडी घेणें हेंच मुळीं साहस. एकट्यानें करावयाचें तर हातांत डंबेल घ्यावे, ते सोडून देतां येतात. तिसरें श्वासाचें. दांडी खालीं येतांना पूरक, वर ढकलतांना रेचक, आणि कुंभक मुळींच नाहीं. कारण श्वास कोंडून जोर केला कीं रक्तदाब एकदम चढतो, आणि आमच्या वयांत तो खेळ नव्हे. याखेरीज अंगठा दांडीभोंवतीं वळलेलाच असावा, आणि कोपरें कांटकोनांत बाहेर फांकवूं नयेत. फांकविलीं कीं खांदा बोलूं लागतो. आमचा डावा खांदा एक महिना बोलत होता.

आतां ज्या प्रकाराचें आम्ही एवढें वर्णन केलें, त्याविषयीं एक कबुली. बेंच प्रेस आम्हांस आवडतो, पण दादा जेथें पडले तेथें तो उपयोगी पडला नसता. तेथें पाय हवे होते. जिममधील तरुण मंडळी सोमवार आला कीं सर्वच्या सर्व छातीच्या बाकापाशीं रांग लावतात, कारण आरशांत छाती दिसते, मांडी दिसत नाहीं. उतारवयांत हा क्रम फिरवावा. आम्ही प्रथम खुर्चीवरून उठबशा, हातांत वजन घेऊन. मग जमिनीवरील वजन पाठ सरळ ठेवून उचलणें. मग एका पायावर उभें राहणें. आणि सर्वांत शेवटीं, बक्षीस म्हणून, बाक. तथापि बाकाचाहि उपयोग आहे. जमिनीवर पडलेला मनुष्य उठतो तो आधीं हातांनीं धड वर ढकलूनच. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं दिलेल्या सूचनांत पासष्टीपुढील माणसांनीं चालण्याखेरीज आठवड्यांतून निदान दोन दिवस बळाचा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम करावा, असें स्पष्ट म्हटलें आहे.

हें सर्व पुरुषांचेंच काम, असें ज्यांस वाटत असेल त्यांनीं आपल्या घरांतील वृद्ध स्त्रियांकडे पाहावें. ऋतुप्राप्ति थांबल्यानंतर त्यांचीं हाडें पुरुषांपेक्षां लवकर ठिसूळ होतात. ऑस्ट्रेलियांत हाडें विरळ झालेल्या शंभराहून अधिक स्त्रियांवर केलेला एक प्रयोग २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील निम्म्या स्त्रियांनीं आठ महिने, आठवड्यांतून दोन वेळां अर्धा-अर्धा तास, शिक्षकाच्या देखरेखीखालीं चांगलें जड वजन उचललें. त्यांच्या कंबरेच्या मणक्यांतील हाड सुमारें तीन टक्क्यांनीं भरलें. दुसऱ्या निम्म्यांचें एक टक्क्याहून किंचित् अधिक घटलें. हाडावर ओढ पडली म्हणजेच तें भरतें, असा निसर्गाचा नियम दिसतो. आमच्या आजीच्या पिढीस पाटा-वरवंटा, जातें आणि आडाचें पाणी होतें. तें सुख होतें असें आम्ही म्हणणार नाहीं. पण तें सुटलें आणि त्याच्या जागीं कांहींच आलें नाहीं.

अन्नाचें प्रकरण आपल्या घरांत थोडें नाजूक आहे. स्नायु घडविण्यास प्रथिनें लागतात, आणि निवृत्त मनुष्याचें जेवण वयाबरोबर दूधभातावर येऊन ठेपतें. आपल्या देशांतील संस्थेनें २०२० सालीं प्रौढ माणसास देहाच्या दर किलोमागें दिवसास ०.८३ ग्रॅम प्रथिन पुरेसें धरलें आहे. वृद्धांचा अभ्यास करणारे १ ते १.२ ग्रॅम सांगतात. म्हणजे ६० किलोंच्या माणसास साठ ते बहात्तर ग्रॅम. पातळ वरणाच्या वाटीनें हा हिशेब भागत नाहीं. तींत पांच-सहा ग्रॅमच असतात. मूठभर फुटाण्यांत दहा, पेलाभर दुधांत आठ, शंभर ग्रॅम पनिरांत अठरा अशी बेरीज करावी लागते. आम्हीं दुपारीं घट्ट वरण व उसळ, सायंकाळीं फुटाणे आणि रात्रीं दह्याची मोठी वाटी असा क्रम ठेविला आहे. डब्यांतून मिळणारी भुकटी पुतण्या घेतो. आम्हांस तिची चव आवडली नाहीं, एवढेंच. ज्यांचें मूत्रपिंड नाजूक आहे त्यांनीं मात्र डॉक्टरांस विचारल्यावांचून हें कांहीं करूं नये.

दोन वर्षांत काय साधलें ? खुर्चीच्या पांच उठबशा साडेनऊ सेकंदांत होतात. गेल्या श्रावणींत पाटावरून भिंतीस हात न लावतां उठलों. या खेपेस मुलें हंसलीं नाहींत, कारण कोणी पाहतच नव्हतें. गुडघे पावसाळ्यांत अजून कुरकुरतात. झोंप पूर्वीसारखीच.

आणि एक गोष्ट आमच्या वहिनींची. दादा गेल्यापासून त्या घराबाहेर फारशा पडत नसत, वय ७२. आमचा वळ पाहून सर्वांत अधिक रागावल्या त्या त्याच. "एकाचें पाहिलें तेवढें पुरे नाहीं का ?" असें म्हणून त्या तीन दिवस आमच्याशीं बोलल्या नाहींत. चौथ्या दिवशीं सायंकाळीं पुतण्यास त्यांनीं देवघरापाशीं बोलाविलें आणि खुर्ची मागितली. त्यांस पांच उठबशांस बावीस सेकंद लागले. तेव्हांपासून तो त्यांजकडून माजघरांत, खुर्ची भिंतीस लावून, उठबशा करवून घेतो. हातांत प्रथम कांहीं नसे; मग पाण्याची एक लिटरची बाटली आली, मग दोन. गेल्या गुरुवारीं आम्ही ओसरीवर वाचीत बसलों असतां आंतून त्यांचा आवाज ऐकूं आला, "अरे, या बाटल्यांत पाणी पुरतें भरलेलें नाहीं. भर, आणि मग मोज."